अनुभव धागा : दुखणं, राग, भीती आणि सजगतेचा सराव

विपश्यना (शरीरातल्या संवेदना तटस्थपणे पाहणं), आनापान (श्वास पाहणं) किंवा 8 आठवड्यांचा सजगतेचा (माइंडफुलनेसचा) अभ्यासक्रम नियमित करणाऱ्यांना आणि शिकवणाऱ्यांना हे आमंत्रण. सरावात दुखण्याचं आणि नकोशा भावनांचं नेमकं काय होतं, कुठे चुकतं, ते लिहा. 'शांत वाटलं' एवढ्यावर थांबू नका, नवीन माणसाला त्याचा उपयोग होत नाही.

जुना साधक

पहिली गोष्ट स्पष्ट सांगायला हवी : सुरुवातीला दुखणं कमी होत नाही, जास्त जाणवतं. दहा दिवसांच्या शिबिरात आधी तीन-साडेतीन दिवस फक्त श्वास पाहायचा, चौथ्या दिवशी विपश्यना. त्यानंतर सकाळी 8, दुपारी 2:30 आणि संध्याकाळी 6 अशा तीन बैठकांत तासभर आसन न बदलण्याचं अधिष्ठान, म्हणजे निश्चय. विसाव्या-पंचविसाव्या मिनिटाला गुडघा बोलू लागतो. तेव्हा दोन गोष्टी वेगळ्या करायच्या. एक गुडघ्यातली वेदना. दुसरी 'अजून पस्तीस मिनिटं कशी काढू' ही धडपड. जबडा आवळलेला, खांदे कानांपर्यंत चढलेले, श्वास अडकलेला, हे सगळं त्या दुसरीचं काम. कपाळ, जबडा, पोट सैल सोडून पुन्हा गुडघ्याकडे या. बराचसा भार तिथेच उतरतो.

संयुक्त निकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहातल्या सल्ल सुत्तात हेच दोन बाणांच्या दृष्टान्ताने सांगितलंय : शरीराला लागलेला एक, त्यावर मनाने मारून घेतलेला दुसरा. पालीतलं 'सल्ल' म्हणजे आपलं शल्य. मराठीत मनातल्या सलालाही आपण शल्यच म्हणतो, तेव्हा हे समजायला आपल्याला अवघड जाऊ नये.

फिजिओथेरपिस्ट, रोज बसणारी

अधिष्ठान म्हणजे सांधा बिघडवून घेणं नव्हे. पसरट, ठणकणारं, जागा बदलणारं दुखणं पाहत बसायला हरकत नाही. गुडघ्याच्या आत सुरी फिरवल्यासारखी एकाच जागी कळ आली, तर पाय सोडा. पायाला आलेल्या मुंग्या आसनावरून उठल्यावर साधारण दोन-चार मिनिटांत जातात. त्याहून जास्त वेळ टिकत असतील किंवा पाऊल उचलताना लुळं पडत असेल, तर मज्जातंतूवर दाब येतोय. आसन बदला.

बहुतेकांची बैठक फार बुटकी असते. कंबर गुडघ्यांपेक्षा वर हवी. त्यासाठी 10 ते 15 सेंटिमीटरची घट्ट उशी घ्या आणि अधांतरी राहणाऱ्या गुडघ्याखाली घडी घातलेली चादर. मऊ उशी दहा मिनिटांत बसते आणि पाठ वाकते. खुर्ची घेण्यात कमीपणा नाही. सायटिका किंवा मायग्रेनची औषधं सरावाच्या भरवशावर बंद करू नका.

सजगता-प्रशिक्षक

जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केलेल्या पद्धतीत जुनाट दुखण्याचे रुग्ण आडवं पडूनही शरीरभर लक्ष फिरवतात. घरी असं करा : पाच मिनिटं श्वास, मग दुखऱ्या जागेच्या कडेला या, थेट मध्यभागी नको. ती जागा केवढी? रुपयाएवढी की तळहाताएवढी? जळजळ, ठणका की ओढ? कुठली कड हलतेय? तीन-चार श्वास पाहून तळव्यांकडे किंवा हातांकडे परत या. असे पाच-सहा फेरे पुरेत.

चूक कुठे होते, तर 'पाहिलं की जाईल' असा सौदा मनात ठेवून लोक पाहतात. मग दर मिनिटाला 'गेलं का?' ही तपासणी चालते, आणि ती तपासणीच नवी चिडचिड होते.

समुपदेशक

भावनांबद्दल थोडं. 'मी चिडलोय' ऐवजी मनात 'राग आहे' एवढीच नोंद करा आणि लगेच शरीरात शोधा : कानशिलं तापलीत, मुठी वळल्यात, छातीत दडपण. 'तो असं बोललाच कसा' हे पुन्हा उगाळलं की आग परत पेटते, म्हणून गोष्ट सोडून कानशिलांकडे या. रडू आलं तर येऊ द्या.

भीतीचा झटका मात्र वेगळा. तेव्हा श्वास पाहायला लावलं तर कित्येकांचा जीव आणखी घाबरा होतो, कारण धोक्याची घंटा छातीतच वाजत असते. डोळे उघडा, तळपाय फरशीवर टेकवा, फरशीचा गारवा घ्या, बाहेरचे तीन आवाज ऐका. मोठा आघात होऊन गेलेल्यांनी दहा दिवसांच्या मौनाने सुरुवात करू नये. जाणकाराच्या सोबतीने पाच-पाच मिनिटांनी करावी.

जुना साधक

वरच्याला जोडून एक : शिकायला खाज सगळ्यात चांगली. नाकाच्या शेंड्यावर खाज आली की हात उचलू नका. ती वाढते, टोचते, नाक ओलसर वाटतं, आता सहन होत नाही असं होतं आणि बहुतेक वेळा एक-दोन मिनिटांत विरते. खाज नुसती पाहणं जमलं की मग गुडघ्याकडे वळा.