मदत हवी आहे: फ्री टेस्टोस्टेरॉनचे दोन आकडे, फरक दहापटीहून जास्त

पुरुष, वय ४१. रक्त सकाळी ८ वाजता, उपाशीपोटी दिलं. टोटल टेस्टोस्टेरॉन २९० नॅनोग्रॅम/डेसिलिटर, एसएचबीजी (टेस्टोस्टेरॉनला घट्ट धरून ठेवणारं प्रथिन) १४ नॅनोमोल/लिटर, अल्ब्युमिन (त्याला सैल धरणारं प्रथिन) ४.३ ग्रॅम/डेसिलिटर. लॅबने फ्री टेस्टोस्टेरॉन (प्रथिनांना न चिकटलेला, मोकळा भाग) ७.२ पिकोग्रॅम/मिली दिलंय, ‘कमी’ असा शेरा मारून. हेच आकडे कॅल्क्युलेटरमध्ये घातले तर ८५ येतात. एककं दोनदा तपासली. कोणता आकडा धरायचा?

प्रतिसाद १
रिपोर्टवर बारीक अक्षरात पद्धत छापलेली असते, ती बघा. आरआयए, एलिसा (दोन्ही अँटिबॉडीवर चालणाऱ्या किट-चाचण्या) किंवा ‘डायरेक्ट’ (फ्री थेट मोजणारी) असेल तर ७.२ सोडून द्या. या किटमध्ये टेस्टोस्टेरॉनसारखा दिसणारा, खूण लावलेला रेणू वापरतात. त्यातून येणारा आकडा खऱ्या फ्रीच्या कितीतरी खाली असतो आणि मुख्यतः टोटलच्या मागे फिरतो. एसएचबीजी कमी-जास्त झालं तर ते त्यात नीट उमटत नाही, आणि फ्री मोजायचं ते त्यासाठीच.

तुमचंच उदाहरण घ्या. टोटल २९० आणि एसएचबीजी १४ असताना टोटल, एसएचबीजी आणि अल्ब्युमिनवरून फ्री काढणाऱ्या व्हर्म्युलेनच्या १९९९च्या सूत्राने फ्री ८५ येतं. टोटल तेच ठेवून एसएचबीजी ६० केलं तर ३८. टोटल एकच, फ्री निम्म्याहून कमी.

प्रमाण पद्धत म्हणजे इक्विलिब्रियम डायलिसिस. पडद्याच्या एका बाजूला सीरम, दुसऱ्या बाजूला बफर, ३७ अंश सेल्सिअस, पीएच ७.४, आणि समतोल येईपर्यंत कित्येक तास थांबायचं. मग बफरमध्ये उतरलेलं टेस्टोस्टेरॉन एलसी-एमएसवर (रेणू वेगळे करून वस्तुमानावरून मोजणारं यंत्र) मोजायचं. तापमान घसरलं की प्रथिनांची पकड घट्ट होते आणि फ्री कमी दिसतं. प्रत्येक पद्धतीची रेंज वेगळी असते, म्हणून डायलिसिसच्या रेंजशी डायरेक्टचा आकडा कधीच ताडू नका.

प्रतिसाद २
वरचं बरोबर, पण ८५वरही लगेच विसंबू नका. बायोटिन (एक ब जीवनसत्त्व) चालू आहे का? ते काही चाचण्या बिघडवतं. केसांच्या गोळ्यांत ५ ते १० मिलिग्रॅम सर्रास असतं.

धागाकर्ता
हो, १० मिलिग्रॅम, रोज. पद्धत ‘आरआयए’च लिहिली आहे. टोटल आणि एसएचबीजी मात्र सीएलआयएवर (प्रकाश मोजणारी अँटिबॉडी चाचणी).

प्रतिसाद २
मग आधी तेच निस्तरा. बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिनवर (बायोटिनला पकडणारं प्रथिन) चालणाऱ्या किटमध्ये टोटल खोटं वाढतं, कारण ती स्पर्धात्मक चाचणी आहे (सिग्नल कमी तर आकडा जास्त). एसएचबीजीची सँडविच चाचणी (दोन अँटिबॉडींमध्ये पकडणारी, सिग्नल कमी तर आकडाही कमी), ती खोटी घटते. सूत्रात दोन्ही चुका एकाच दिशेला जातात आणि फ्री फुगतं. सगळ्याच किटना हा त्रास नसतो, तुमच्या किटला आहे का ते लॅबला विचारा.

गोळी किमान ३ दिवस बंद ठेवून पुन्हा नमुना द्या, सकाळी ७ ते १० मध्ये, उपाशीपोटीच. ताप किंवा आजारपण असेल तर पुढे ढकला. टोटल एलसी-एमएसवर मागा, एसएचबीजी आणि अल्ब्युमिन त्याच नमुन्यातून. निदानासाठी दोन वेगवेगळ्या सकाळचे आकडे लागतात, आणि बायोटिनमध्ये घेतलेला हा त्यात धरू नका.

प्रतिसाद १
बायोटिन थांबवूनही एसएचबीजी १४च्या आसपास राहिलं तर वजन, साखर आणि टीएसएच (थायरॉइडची चाचणी) बघा. लठ्ठपणा, टाइप २ मधुमेह, हायपोथायरॉइड, तिन्हीत ते घटतं. तेव्हा टोटल कमी दिसूनही फ्री ठीक असू शकतं. एलएच (वृषणांना टेस्टोस्टेरॉन बनवायला लावणारं हार्मोन) त्याच नमुन्यातून करून घ्या, डॉक्टर ते मागतीलच. आणि रिपोर्ट हातात येईपर्यंत जेल किंवा इंजेक्शन सुरू करू नका, नंतरचे आकडे वाचता येणार नाहीत.