एका दिवसाच्या ट्रेनिंगने काय होणार?
शिक्षकांनाच वर्गात टेक्नॉलॉजी नको असते असं काही जण म्हणतात, मला नाही पटत. एका दिवसात ढीगभर अ‍ॅप्स दाखवायची आणि मग वर्गात प्रोजेक्टर चालू होईना तर विचारायला कुणी नाही, मग कोण हात लावेल त्याला? त्यापेक्षा एकच गोष्ट नीट शिकवा. उदा. अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठातली फेट (PhET) सिम्युलेशन्स, म्हणजे स्क्रीनवर करून बघायचे विज्ञान-गणिताचे प्रयोग, २००२ पासून आहेत, फुकट, आणि बरीचशी डाउनलोड केली की नेटही लागत नाही. सर्किटवाल्यात मुलं बॅटरी शॉर्ट करतात, स्क्रीनवर आग दिसते आणि करंट एवढा का वाढला हे आपणहून विचारायला लागतात. पण त्याआधी शिक्षकाला स्वतः खेळून बघायला वेळ हवा ना, तोही शाळेच्या वेळातच, त्यासाठी आठवड्यातला एखादा तास कमी करा त्यांचा.