कंट्रोल रूममधल्यांची सजगता मोजायची का? आणि कशाने?

गोदाकाठचा:
२०२७चा सिंहस्थ तोंडावर आलाय. घाट, रस्ते, कॅमेरे यांच्या बातम्या रोज वाचतो, पण फोन घेणाऱ्यांबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. ११२ या तातडीच्या मदतीच्या नंबरला लावलेला कॉल आधी नवी मुंबईच्या नाहीतर नागपूरच्या केंद्रात जातो, तिथून नाशिकच्या कंट्रोल रूमला येतो आणि इथला अंमलदार गाडी पाठवतो. त्या माणसाचं डोकं ठिकाणावर आहे की नाही, हे कोण बघतं?

अमेरिकेत ९११वाल्यांना माइंडफुलनेसचे, म्हणजे सजगतेचे, ऑनलाइन कोर्स देऊन ताण किती उतरतो ते तपासलंय. आपल्याला तर इगतपुरीचं विपश्यना केंद्र, धम्मगिरी, हाकेच्या अंतरावर. माझं मत: सगळ्यांकडून सजगता मोजणारी 'मॅस' ही प्रश्नावली भरून घ्या. २००३ची आहे, १५ वाक्यं, १ ते ६ गुण, जास्त गुण म्हणजे जास्त सजग. दर सहा महिन्यांनी पुन्हा भरायची. आकडा घसरला की त्याला काही दिवस हलकी ड्युटी. पूर किती चढला ते आपण गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून सांगतो, तशी इथेही एक खूण हवी.

नाईट शिफ्ट:
प्रश्नावली वाचलीये का तुम्ही? त्यात एक वाक्य आहे: दुसरं काही करता करता मी समोरच्याचं एका कानाने ऐकतो. 'जवळजवळ नेहमी' म्हटलं की १ गुण, म्हणजे बेसावध. अहो, आमचं कामच ते आहे! मी खासगी ॲम्ब्युलन्सच्या डेस्कवर बसायचो. एका कानावर हेडफोन, दुसरा ड्रायव्हरकडे, बोटं कीबोर्डवर. पलीकडून बाई ओरडतेय, "मारुतीच्या देवळाजवळ या, लवकर या." कुठला मारुती? नाशकात काय एक आहे? सिडको की पंचवटी, समोर शाळा दिसते की पेट्रोल पंप, हे विचारायचं आणि त्याच वेळी शेजारच्याला हाताने खुणावायचं की गाडी काढ. अजून एक वाक्य: नाव सांगितल्या सांगितल्या विसरतो. विसरणारच. पत्ता लक्षात ठेवू की नाव? तुमच्या हिशोबाने आमच्यातले सगळ्यात तरबेज लोक नापास.

मनाचा विद्यार्थी:
मुद्दा रास्त आहे, पण म्हणून मोजूच नका असं होत नाही. 'मॅस' फक्त लक्ष भरकटतं का एवढंच विचारते. २००६ची पाच पैलूंची प्रश्नावली आहे, ३९ वाक्यांची. त्यात 'मनात आलेल्या गोष्टीवर लगेच उसळून न उठणं' हा पैलू वेगळा मोजतात. डेस्कवर बसणाऱ्याला खरा उपयोग त्याचा. आणि नुसतं कानाने ऐकलं तर काय होतं, असं कुणी म्हणू नये. कामाचा भाग म्हणून आघाताचे भयंकर तपशील पुन्हा पुन्हा समोर येणं हेही २०१३च्या डीएसएम-५ने, म्हणजे अमेरिकेतल्या मनोविकारांच्या निदानाच्या पुस्तकाने, पीटीएसडीच्या (आघातानंतर जडणाऱ्या मानसिक विकाराच्या) निकषांत धरलंय.

सातपूरकर:
मोजून करणार काय, ते सांगा आधी. माणसं कमी, रजा मिळत नाही, रात्रपाळीनंतर सकाळी बंदोबस्त. हे मोजायला प्रश्नावली लागत नाही, हजेरीपट उघडला तरी दिसतं. उद्या साहेब म्हणतील, तुझी सजगता कमी पडली म्हणून गाडी उशिरा पोचली. द्वारका चौकातला ट्रॅफिक गेला कुठे मग?

गोदाकाठचा:
हलकी ड्युटी ही शिक्षा नव्हे हो. आणि हजेरीपट आजही सगळ्यांना दिसतोच की, त्याने काय बदललं? आकडा हातात असला तर निदान वर मागता तरी येतं.

नाईट शिफ्ट:
शिक्षा नाही हे तुम्ही म्हणता. ज्याचा आकडा घसरला त्याला चहाच्या टपरीवर काय काय ऐकावं लागेल ते मला माहितीये. सगळे ६-६ भरून मोकळे होतील. कागदावर नाव नको, बक्कल नंबर नको, आणि तो साहेबांच्या टेबलावर जाणार नाही हे लेखी द्या, मग बोलू. ते एका कानाचं वाक्यही काढून टाका.

मनाचा विद्यार्थी:
नाव नको, मान्य. पण मग घसरलेल्याला शोधून हलकी ड्युटी देणार कशी? एकट्यादुकट्याचा निवाडा करायला या प्रश्नावल्या नाहीतच, गटाची सरासरी कळते तेवढंच. वाक्य मात्र काढता येत नाही. काढलं की ती 'मॅस' उरत नाही, बाहेरच्या आकड्यांशी तुलनाही संपली.

नाईट शिफ्ट:
संपू दे की! आम्हाला अमेरिकेशी स्पर्धा करायचीये का? डेस्कवर बसणाऱ्या चार माणसांना घेऊन बसा आणि इथली वाक्यं इथेच लिहा. 'रडणारं पोर लाइनवर असताना पुढचा प्रश्न सुचतो का?' हे पहिलं घ्या.