मदत हवी आहे: आमच्या वस्तीत अंगणवाडी नाही, अर्ज कुठं द्यायचा?

चिऊची_आई
नमस्कार. पोरीला जूनपासून कुठंतरी बसवायचं आहे. आमच्याकडे अंगणवाडी नाही. बाजूच्या वस्तीत आहे, पण तिथल्या सेविका म्हणतात यादी भरली. जवळची एक खासगी नर्सरी वर्षाची फी एकरकमी मागते. आम्ही दोघंही सकाळीच कामावर जातो. मनपाच्या झोन ऑफिसात गेली तर म्हणे हा आमचा विषय नाही. मग कोणाचा? अर्ज कुठं द्यायचा तेवढं सांगा. लवकर.

पारडीवाला
ताई, भाग कोणता? मनपा हद्दीत का ग्रामपंचायतीत? पोरगी किती वर्षांची?

जरीपटका_७७
आरटीईचा (शिक्षण हक्क कायद्याचा) फॉर्म भरा. खासगी शाळांत २५ टक्के जागा राखीव असतात, फी लागत नाही. माझ्या भाच्याचा नंबर लागला.

पारडीवाला
भाऊ, आधी वय तर कळू द्या. आणि ज्या शाळेत प्रवेश इयत्ता पहिलीपासूनच होतो तिथं आरटीईतून नर्सरी मिळतच नाही. आर्थिक दुर्बल गटाला १ लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला लागतो, तो वेगळाच.

चिऊची_आई
नागपुरात वाठोड्याकडे राहतो, लेआऊटच्या मागची वस्ती. मनपातच येते. तीन पूर्ण झाले. आरटीईची मुदत गेली. मी अंगणवाडीचं विचारून राहिली.

मानेवाडा_मम्मी
अंगणवाडीत काय शिकवतात? खिचडी खाऊन घरी. मनपाच्या इंग्रजी शाळेत केजी आहे, तिथं पाहा.

सेविका_नागपूर
मी शहरातल्याच एका अंगणवाडीत सेविका आहे. खिचडीचं ऐकून वाईट वाटलं. अंगणवाडीच्या ‘आकार’ अभ्यासक्रमाप्रमाणे आम्ही रोज गाणी, गोष्टी, मणी ओवणं, मोजणं घेतो. बालशिक्षणासाठीचं ‘पोषण भी, पढाई भी’ हे सरकारी प्रशिक्षणही झालं आहे. पण सकाळी पोषण ट्रॅकर ॲपवर हजेरी, मग वजनं, लसीकरणाच्या दिवशी वेगळी धावपळ. एकाच खोलीत हे सगळं. जिथं कमी पडते तिथं माणूस आणि जागा कमी पडते.

चिऊच्या आई, शहरातल्या अंगणवाड्या राज्याच्या महिला व बालविकास विभागाकडे असतात. शहराचे नागरी प्रकल्प पाडलेले आहेत. बाजूच्या सेविकेला तिच्या पर्यवेक्षिकेचं नाव विचारा आणि अर्ज त्या प्रकल्पाच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना द्या. सर्वोच्च न्यायालयाचा १३ डिसेंबर २००६चा आदेश आहे: वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं असतील आणि अंगणवाडी नसेल, तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळाली पाहिजे. झोपडपट्टीलाही लागू आहे. तुमच्याकडे किती लेकरं आहेत?

विदर्भ_पालक
पहिलीसाठी ३१ डिसेंबरला ६ वर्षं पूर्ण लागतात, हे लक्षात ठेवा.

पारडीवाला
दादा, पोरगी तीनची आहे.

गिट्टीखदान_दीपक
ताई, सेविकांची भरती कधी निघते? मिसेस बारावी पास आहे.

बालशिक्षण_प्रेमी
घरीच शिकवा. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी बोर्डी गावात अंगणवाडी सुरू केली ती अंगणातच. महागडं साहित्य लागत नाही. डाळी निवडायला द्या, पाणी ओतायला द्या.

चिऊची_आई
काका, घरी कोणी असतं तर विचारलं कशाला असतं?

सेविकाताई, मोजून आली. आमची धरली तर चाळीसच्या वर जातात. पण त्यात बालाघाट आणि छत्तीसगडहून बांधकामावर आलेल्यांची लेकरं आहेत. त्यांचे कागद तिकडचे. त्यांना धरायचं का? शेजारचे म्हणतात नका धरू, अर्ज अडेल.

मानेवाडा_मम्मी
ते लोक दिवाळीला निघून जातात. मग यादी खोटी पडेल.

सेविका_नागपूर
नक्की धरा. आदेशात वस्तीतली मुलं म्हटलं आहे, घर कोणाच्या नावावर हे विचारलेलं नाही. आणि सगळ्यात जास्त गरज त्यांचीच. आई विटा वाहते तेव्हा हे पोट्टे रेतीच्या ढिगाजवळ बसलेले असतात, मे महिन्याच्या उन्हातही. नाव, वय, पालकाचं नाव आणि सही किंवा अंगठा एवढं घ्या. निघून जातात म्हणता, तर नवीन कुटुंबं येतातही.

अर्जासोबत जागाही सुचवा. मंजुरी मिळाली तरी शहरात गाडी खोलीवरच अटकते. जवळ मनपाची शाळा आहे का? पटसंख्या घटल्यामुळे वर्ग रिकामे असतील तर तेच मागा. २०२०च्या शैक्षणिक धोरणात अंगणवाड्या प्राथमिक शाळेच्या आवारात आणायचं म्हटलंच आहे.

जरीपटका_७७
शाळेची खोली कोण देते बाप्पा! नगरसेवकाला धरा, एका फोनवर होते.

पारडीवाला
फोनवर झालेलं कागदावर राहत नाही. अर्ज लेखीच द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख मारून घ्या. तीन महिने त्या तारखेपासून मोजायचे.

चिऊची_आई
शाळा आहे, दोन वर्ग बंदच असतात. सोमवारी यादी घेऊन जाते. पण तोपर्यंत पोरीचं काय? तीन महिन्यांत तर जून निघून जाईल.

सेविका_नागपूर
बाजूच्या अंगणवाडीत नाव घ्या म्हणून त्याच अर्जात वेगळा मुद्दा टाका. यादी भरली म्हणून लेकराला परत पाठवायचं नसते. तिथल्या ताईंवर चिडू नका, खोली लहान असेल. पर्यवेक्षिकेसमोर बोला. प्रकल्पाचं नाव कळलं की इथं लिहा, कार्यालय कुठं आहे ते सांगते.