मदत हवी आहे: दुकानाचा खर्च आणि घरची उचल यांतील फरक कसा शिकवावा?

तालुक्याच्या गावी किराणा, कापड आणि भांड्यांची लहान दुकाने चालवणाऱ्या 14 जणांना मी दर रविवारी दोन तास जमाखर्च शिकवतो. रोजमेळ सर्वांना जमतो. परंतु गल्ल्यातून किंवा यूपीआयने घरासाठी काढलेली रक्कम ते ‘खर्च’ म्हणूनच लिहितात. स्वतंत्र बँक खाते सुचवले, वहीत ‘उचल’ असा वेगळा रकाना आखून दिला. तो रिकामाच राहिला. प्राप्तिकराच्या अनुमानित योजनेत रोखीच्या उलाढालीवर 8 आणि बँकेमार्फत आलेल्या विक्रीच्या रकमेवर 6 टक्के नफा धरता येत असल्याने ‘मग हे कशाला?’ असे ते विचारतात, आणि ते अगदीच गैर नाही. सर्वांची उलाढाल जीएसटी नोंदणीच्या 40 लाखांच्या मर्यादेखाली आहे. संगणक कोणाकडेही नाही. कर्जप्रकरणात असा हिशेब उपयोगी पडतो, हे कारणही सांगून झाले आहे. उचल वेगळी लिहिण्याचा उपयोग त्यांना स्वतःच्याच वहीतील आकड्यांवरून एका बैठकीत पटेल, असा कोणता सराव आपण करून घेतला आहे?