युगांडातील पाणी प्रकल्पासाठी दोन आठवडे स्वयंसेवक म्हणून जावे का?

कोपरगावकर (प्रश्न):
नमस्कार. मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. युगांडाच्या पूर्व भागातील एका खेड्यात बोअर घेऊन हातपंप बसवण्यासाठी एक संस्था सुट्टीत दोन आठवडे स्वयंसेवक नेणार असून, विमानभाड्यासह सुमारे अडीच लाख रुपये ज्याचे त्याने भरायचे आहेत. तिथे माझ्या हातून नेमके कोणते काम होईल, आणि पैसे भरण्यापूर्वी काय विचारून घ्यावे?

पूर्वीचा कंपालावासी:
मी नोकरीनिमित्त तीन वर्षे कंपालात होतो आणि अशा दोन तुकड्यांसोबत खेड्यांत गेलो आहे. बोअरचे काम रिगवरची तिथलीच माणसे करतात. पाहुण्यांच्या वाट्याला ओट्याच्या सिमेंटवर थापी फिरवणे आणि फोटो काढणे, एवढेच येते. एका गावात तीनच वर्षांपूर्वी बसवलेल्या पंपातून सकाळी पहिले पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचे आले. बायकांनी ते वीस लिटरच्या पिवळ्या कॅनमध्ये धुण्यासाठी भरून घेतले आणि पिण्याच्या पाण्यासाठी त्या दलदलीकडच्या झऱ्यावर निघून गेल्या. युगांडात अनेक ठिकाणी भूजल आम्लधर्मी असल्यामुळे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाईप आतून गंजतात, आणि ते बदलण्याइतके पैसे गावच्या पाणी समितीकडे साठलेले नसतात. म्हणून पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा) तपासला आहे का, पाईप स्टेनलेस स्टीलचे आहेत का, आणि पंप बंद पडल्यास मेकॅनिक किती लांबून येणार, हे लेखी विचारा. ओटा किती सुंदर झाला, हे कोणीही सांगेल.

हापसेवाला, जालना:
तिकडे ज्याला यू-टू म्हणतात, तो आपल्या इंडिया मार्क टू पंपाचाच अवतार आहे. आणि १९७० च्या दशकात मार्क टू तयार झाला, त्याआधी आमच्या जालन्यात व सोलापुरात पोलादी हापशांचे प्रयोग होऊन गेले होते. तेव्हा शिकायचेच असेल, तर आधी आपल्या पंचायत समितीच्या हातपंप दुरुस्ती पथकाबरोबर आठवडाभर फिरा. तीस मीटर खोलीवरचा सिलिंडर, म्हणजे पाणी वर ढकलणारा पंपाचा भाग, वर काढायचा तर तीन-तीन मीटरचे दहा पाईप एकेक करून उपसावे, धरावे आणि खोलावे लागतात, तेही एका वायसरसाठी! हे हातांना ठाऊक असलेला मुलगा तिथे खरोखर उपयोगी पडेल.

परिचारिका:
पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रातच घ्यावी. प्रमाणपत्राशिवाय परतल्यास भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्यांबद्दलही डॉक्टरांना विचारावे.

कोपरगावकर:
सर्वांचे आभार. संस्थेला पत्र पाठवले होते. पाईप जस्ती लोखंडाचेच आहेत, आणि सामूविषयी ‘बोअर झाल्यावर पाहू’ असे उत्तर आले आहे. पैसे तूर्त थांबवले आहेत. सोमवारपासून पंचायत समितीच्या पथकाबरोबर जाणार आहे.