सिंथ-पॉपच्या रेकॉर्ड, कॉन्सर्ट आणि टी-शर्ट : संगीतप्रेम की वस्तुमोह?

बारा इंची (धागाकर्ता)

ऐंशीच्या दशकातील ब्रिटिश सिंथ-पॉपचा (सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर बेतलेल्या पॉप संगीताचा) मी शाळकरी वयापासूनचा चाहता आहे. पन्नाशी ओलांडल्यावरही मी त्या बँडांच्या रेकॉर्ड विकत घेतो, जमेल तेव्हा त्यांच्या कॉन्सर्टसाठी परदेशी जातो आणि रविवारी त्यांचे टी-शर्ट घालून भाजी आणायला जातो. सगळे संगीत फोनवर ऐकता येत असताना हा पसारा कशासाठी, असे एका मित्राने विचारले. त्याला दिलेले उत्तर येथे वादासाठी मांडतो. अन्य संगीतप्रकारांत रेकॉर्डचे कव्हर किंवा टी-शर्ट ही गाण्याला मागाहून जोडलेली शोभा असेलही, परंतु सिंथ-पॉपमध्ये ती मूळ रचनेचाच भाग आहे, असे माझे मत आहे.

या बँडांकडे मंचावर दाखवण्यासारखी हातांची करामत नव्हती. इंग्लंडमधील बॅसिल्डनच्या डिपेश मोड या बँडचा पहिला अल्बम १९८१ मध्ये आला तेव्हा त्यातील मुले विशीच्या आसपास होती, आणि तो काढणारी डॅनियल मिलर यांची म्यूट रेकॉर्ड्स ही कंपनी जवळजवळ एकखांबी तंबू होती. गिटारवादकाचा घाम प्रेक्षकाला दिसतो, सिक्वेन्सरचा (ठरवून दिलेले सूर आपोआप वाजवणाऱ्या यंत्राचा) दिसत नाही. त्यामुळे आपण कोण आहोत हे सांगण्यासाठी या मंडळींनी अक्षर, चित्र, कपडे, केशरचना आणि प्रकाश यांनाही सुरांइतकेच कामाला लावले. शेफील्डच्या ह्यूमन लीगमध्ये फिलिप एड्रियन राइट हे सुरुवातीला कोणतेही वाद्य न वाजवता मंचावर केवळ स्लाइड दाखवत, आणि तरीही ते बँडचे रीतसर सदस्य होते. अशी नेमणूक ज्या संगीतात स्वाभाविक वाटते, त्यात दृश्य भाग उपरा कसा मानायचा?

मँचेस्टरच्या न्यू ऑर्डर या बँडच्या 'ब्लू मंडे' या गाण्याचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. १९८३ च्या मार्चमध्ये फॅक्टरी रेकॉर्ड्सने ते एकेका गाण्यासाठीच्या नेहमीच्या सात इंची नव्हे, तर बारा इंची रेकॉर्डवर काढले. साडेसात मिनिटांच्या या गाण्याचा कणा म्हणजे ओबरहाइम कंपनीच्या ड्रम मशीनचा ठोका आणि खालचा जड बेस. असा बेस मोठ्या आवाजात कोरायचा तर खाचा रुंद आणि एकमेकींपासून दूर ठेवाव्या लागतात, म्हणजेच रेकॉर्डवर जागा लागते. पीटर सॅव्हिल यांनी केलेले कव्हर संगणकाच्या फ्लॉपी डिस्कसारखे, भोके पाडलेले होते, आणि त्यावर दर्शनी बाजूला बँडचे नाव कोठेही नव्हते. ते कडेच्या रंगीत चौकटींच्या सांकेतिक लिपीत दडवले होते आणि त्या लिपीची किल्ली त्याच वर्षी आलेल्या त्यांच्या अल्बमच्या मागील बाजूस छापली होती. म्हणजे एक वस्तू वाचण्यासाठी दुसरी वस्तू हातात असावी लागत होती. ही गंमत फोनच्या पडद्यावरील अंगठ्याएवढ्या चित्रात उरत नाही.

षड्ज

धागाकर्त्यांचा अभ्यास मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. मँचेस्टरच्या हासिएंडा क्लबमध्ये या गाण्यावर नाचणाऱ्या तरुणांपैकी कितीजणांच्या हातात ते कव्हर होते? ज्यांनी ते रेडिओवर ऐकले, त्यांना रंगीत चौकटी दिसल्या नाहीत म्हणून गाणे अपुरे ऐकू आले काय? सॅव्हिल यांचे काम उत्तम आहे, परंतु ते चित्रकलेच्या खात्यात जमा करावे.

टी-शर्टाबाबत तर युक्तिवाद पूर्णच उलटतो. न्यू ऑर्डरची पूर्वपीठिका असलेल्या जॉय डिव्हिजनच्या १९७९ मधील पहिल्या अल्बमवरील पांढऱ्या लाटांसारख्या रेषा आज कोणत्याही मॉलमध्ये छातीवर मिरवताना दिसतात. त्या रेषा म्हणजे १९६७ मध्ये सापडलेल्या पहिल्या पल्सारच्या (ठरावीक अंतराने रेडिओ स्पंदने पाठवणाऱ्या ताऱ्याच्या) स्पंदनांचा आलेख आहे. तो टी-शर्ट घालणाऱ्या बहुतेकांना तारा ठाऊक नसतो आणि बँडही ठाऊक नसतो. २०१२ मध्ये डिस्नेने त्याच रेषांना मिकी माउसचा आकार देऊन टी-शर्ट विक्रीस काढला आणि गाजावाजा होताच मागे घेतला. जी गोष्ट गाण्यापासून इतक्या सहज सुटी होते, तिला रचनेचा भाग कसे म्हणावे?

कॉन्सर्टविषयी माझा आक्षेप अधिक गंभीर आहे. मी ख्याल ऐकणारा माणूस आहे. आज ऐकलेला यमन पुन्हा तसाच कधी ऐकायला मिळणार नाही, या ओढीने मी मैफलीला जातो. ओएमडी या ब्रिटिश बँडने सुरुवातीच्या काळात मंचावर टेपरेकॉर्डर ठेवला होता आणि त्याला विन्स्टन असे नाव दिले होते. डिपेश मोडही ठेका टेपवरून वाजवत असे. क्राफ्टवेर्क हा जर्मन बँड तर एका गाण्याला स्वतःच्या जागी पुतळे उभे करत असे. जे आधीच ठरलेले आहे ते ऐकण्यासाठी विमानाचे तिकीट काढणे मला अनाकलनीय वाटते.

ध्वनितंत्री

मी ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायात आहे, म्हणून केवळ टेपच्या मुद्द्यावर लिहितो. मंचावरची टेप ही लबाडी नव्हती, नाइलाज होता. त्या काळातील अनेक ॲनालॉग सिंथ एका वेळी एकच स्वर देत; दिव्यांच्या उष्णतेने त्यांचा सूर सरकत असे; आणि स्वस्त यंत्रांमध्ये घडवलेला आवाज साठवण्याची सोय नसल्याने दोन गाण्यांच्या मध्ये सगळ्या कळा हाताने फिरवून पुन्हा जुळवाव्या लागत. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एकमेकांशी बोलता यावे यासाठीची मिडी पद्धत १९८३ मध्ये आली. त्याच वर्षी 'टॉप ऑफ द पॉप्स' या बीबीसीच्या कार्यक्रमात, जेथे ओठ हलवण्याची प्रथा होती, न्यू ऑर्डरने 'ब्लू मंडे' प्रत्यक्ष वाजवण्याचा हट्ट धरला आणि ते सादरीकरण चांगलेच फसले. षड्ज यांना हवी असलेली अनिश्चितता तेथे भरपूर होती!

यंत्राविषयीचा संशय तिकडेही होता आणि आपल्याकडेही जुना आहे. १९८२ मध्ये ब्रिटनच्या संगीतकार संघटनेच्या मध्य लंडन शाखेने सिंथ आणि ड्रम मशीनवर बंदीची मागणी करणारा ठराव केला. आपल्या आकाशवाणीने १९४० पासून तीन दशके पेटीला दार बंद ठेवले होते. आज पेटीशिवाय ख्यालाची मैफल क्वचितच होते.

फोर्टचा फेरफटका

आपण सर्व सौंदर्यशास्त्रावर बोलत आहात, मी पैशाविषयी बोलतो. फोनवर गाणे ऐकले की कलाकाराच्या पदरात अत्यल्प पैसे पडतात, आणि लहान बँडांचा दौऱ्याचा खर्च बऱ्याचदा सभागृहाबाहेरच्या टेबलावर विकल्या जाणाऱ्या टी-शर्टांतून निघतो; काही सभागृहे त्या विक्रीतही वाटा मागतात. त्यामुळे टी-शर्ट कोठून घेतला हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. आपल्या मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवरून घेतलेल्या नकली टी-शर्टातून बँडला काहीही मिळत नाही. मात्र चाळीस वर्षांपूर्वीच्या रेकॉर्डची महागडी नवी आवृत्ती काढणाऱ्या मोठ्या कंपन्यांविषयी मला सहानुभूती नाही.

बारा इंची (धागाकर्ता)

षड्ज यांना उत्तर देण्यासाठी मी मुंबईकडे येतो. हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम केलेल्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँड कंपनीची टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ ही ड्रम मशीन आणि सिंथ यंत्रे वापरून ललित, यमनसारखे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले आणि एचएमव्हीने त्यांची रेकॉर्ड काढली. शिकागोमध्ये १९८७ च्या सुमारास ॲसिड हाउस या नृत्यसंगीताच्या नावाने ओळखला जाऊ लागलेला बुळबुळीत, वळवळणारा बेस त्यात पाच वर्षे आधीच ऐकू येतो. परंतु त्या संगीताभोवती क्लब नव्हता, कॉन्सर्ट नव्हती, टी-शर्ट घालून एकमेकांना ओळखणारी मुले नव्हती, आणि ते विस्मरणात गेले. २०१० मध्ये त्याची नवी आवृत्ती निघाली तीही कोणा संग्राहकाला जुनी रेकॉर्ड सापडली म्हणून. फोनमधल्या फायली अशा कोणाला सापडणार?

कॉन्सर्टविषयी इतकेच म्हणतो की, तेथे अनिश्चित असतो तो श्रोता. १८ जून १९८८ रोजी अमेरिकेतील पॅसाडिनाच्या रोझ बोल मैदानावर डिपेश मोडने आपल्या दौऱ्याचा १०१ वा कार्यक्रम केला, तेव्हा साठ हजारांहून अधिक लोक जमले होते. त्याच वर्षीच्या ७ मार्चला हाच बँड कम्युनिस्ट राजवटीतील पूर्व बर्लिनमध्ये, तेथील सरकारी युवक संघटनेच्या कार्यक्रमात वाजला होता. पाश्चात्य रेकॉर्ड जिथे जपून फिरवल्या जात, तिथे. यंत्रे दोन्हीकडे तीच होती. संध्याकाळही तीच होती, असे कोणी म्हणेल का?

टी-शर्ट गाण्यापासून सुटा होतो हे खरे आहे, पण अभंगाची ओळही दिंडीपासून सुटी होऊन रिक्षाच्या पाठीवर जाऊन बसते. म्हणून ती अभंगाची राहत नाही काय?

षड्ज

रिक्षावरची ओळ निदान वाचता तरी येते. त्या पांढऱ्या रेषा वाचता येत नाहीत. चरणजित सिंग यांच्या उदाहरणातून मला वेगळेच दिसते. त्यांना पुन्हा श्रोते मिळाले ते रेकॉर्डवरच्या सुरांमुळे, आणि उतारवयात युरोपात त्यांनी ज्या मैफली केल्या त्याही त्या सुरांच्या बळावर. तेव्हा रेकॉर्ड जपावी हे मी मान्य करतो, कारण ती ऐकता येते. टी-शर्ट ऐकता येत नाही, यावर मी ठाम आहे. शिवाय एकाच अल्बमची काळी, लाल आणि पारदर्शक अशा तीन रंगांत प्रत घेणाऱ्याला तिन्हींत वेगळे काय ऐकू येते, एवढे धागाकर्त्यांनी प्रामाणिकपणे सांगावे.

बारा इंची (धागाकर्ता)

काहीही वेगळे ऐकू येत नाही, आणि म्हणून मी रंगीत प्रती घेत नाही. माझा नियम सोपा आहे: बारा इंची रेकॉर्डवर गाण्याची लांबवलेली किंवा वेगळी मांडणी असेल तरच ती घ्यायची, आणि टी-शर्ट कॉन्सर्टच्या टेबलावरूनच घ्यायचा. लाल प्रतीचा बचाव करणारे कोणी येथे असतील तर त्यांनी पुढे यावे. ती बाजू मला लढवायची नाही.